एका मोटार-पेढीच्या दोन सोयरिकी

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे नाव आमच्या वडीलधाऱ्या सभासदांस ठाऊक आहेच. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या या संस्थेने प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लरच्या व पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बांधल्या. या दोन पेढ्या कधी एका घरात नांदतील, असे त्या वेळी कोणास वाटले असेल?

क्रायस्लरची पहिली सोयरीक १९९८ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी झाली. ‘बरोबरीच्यांचे एकीकरण’ असा तिचा गाजावाजा झाला. परंतु कारभाराची सूत्रे स्टुटगार्टकडे गेली आणि २००७ साली क्रायस्लरचे ८०.१ टक्के भाग विकून जर्मन पक्ष मोकळा झाला.

२००९ साली क्रायस्लरचे दिवाळे निघाले, तेव्हा फियाट पुढे आली. भागीदारीपत्रावर सही करू इच्छिणाऱ्या बंधूंनी येथील हिशेब बारकाईने पाहावा. आरंभीचे २० टक्के भाग फियाटने रोख एक डॉलरही न देता मिळविले! दिली ती लहान गाड्यांची विद्या, कमी इंधन खाणारी इंजिने आणि परदेशांतील विक्रीची वाट. म्हणजे क्रायस्लरपाशी जे नव्हते नेमके तेच. जानेवारी २०१४ पर्यंत संपूर्ण मालकी तिच्याकडे आली.

१६ जानेवारी २०२१ रोजी हे घर फ्रान्सच्या प्यूजो गटाशी एक होऊन ‘स्टेलांटिस’ जन्मास आली. भाग निम्मे-निम्मे, संचालकही पाच-पाच. अकरावे मुख्य व्यवस्थापक कार्लोस टावारेस मात्र प्यूजोकडचे. पारडे कोठे झुकले, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. अध्यक्षपद फियाटच्या आन्येल्ली घराण्यातील जॉन एल्कान यांच्याकडे राहिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये टावारेस पायउतार झाले.