सवलतीचे परकीय कर्ज आणि रस्ते बांधणीची यंत्रसामग्री

आपण व्यापारी लोक उधारीचे मर्म जाणतो. व्याज किती, मुदत किती, पहिला हप्ता केव्हा, आणि माल कोणाच्या दुकानातून उचलावयाचा, या चार गोष्टी समजल्या म्हणजे व्यवहार कळतो. विकसनशील राष्ट्रे रोड रोलर, मोटर ग्रेडर, बुलडोझर आणि डांबर मिश्रणाची यंत्रे परकीय कर्जाने घेतात, तेथेही प्रश्न हेच असतात. एकच पाचवा प्रश्न अधिक असतो, तो म्हणजे चलनाचा.

सवलतीच्या कर्जाचा ठळक नमुना म्हणून आंतरराष्ट्रीय विकास संघाचे नाव घ्यावे लागेल. जागतिक बँकेची ही भगिनीसंस्था १९६० साली स्थापन झाली. १९६१ मध्ये होंडुरास देशास रस्त्यांसाठी ९० लक्ष डॉलर देऊन तिने आपल्या कार्यास आरंभ केला, व त्याच वर्षी भारतास महामार्गांसाठी ६ कोटी डॉलर दिले. त्या काळच्या तिच्या शर्ती ऐकून कोणताही सराफ चकित होईल. व्याज मुळीच नाही. केवळ पाऊण टक्का सेवाशुल्क. मुदत ५० वर्षे. पहिली १० वर्षे मुद्दल फेडावयाचे नाही. पुढील १० वर्षे दरसाल १ टक्का, आणि उरलेली ३० वर्षे दरसाल ३ टक्के.

अशा कर्जात दान किती व देणे किती, हे ठरविण्याची एक रीत आहे. पुढे द्यावयाच्या प्रत्येक हप्त्याची आजची किंमत काढावयाची. दरसाल १० टक्के कसर धरून उपरिनिर्दिष्ट शर्तींवर हिशेब केला, तर १०० डॉलरच्या कर्जाच्या सर्व हप्त्यांची आजची किंमत सुमारे १४ डॉलर भरते. म्हणजे ८६ डॉलर जणू देणगीच होय! या भागास ‘अनुदानांश’ असे म्हणता येईल.

तथापि हा हिशेब डॉलरमधला आहे, आणि फेडणाऱ्याची मिळकत रुपयांत असते. अशाच शर्तींवर १९६१ साली घेतलेले १०० डॉलरचे एक कर्ज कल्पनेने समोर ठेवू. तेव्हा डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैसे होता. हाती ४७६ रुपये आले. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन होऊन भाव ७ रुपये ५० पैसे झाला. १९९१ च्या जुलैमध्ये पुन्हा अवमूल्यन झाले व तो २६ च्या घरात गेला. २०११ च्या मध्यास तो ४५ च्या आसपास होता. आता गंमत अशी की, या कर्जाचे ९० टक्के मुद्दल शेवटच्या ३० वर्षांतच फेडावयाचे असते. ३ डॉलरचा जो हप्ता १९६१ च्या भावाने १४ रुपयांचा वाटला, तो शेवटी १३५ रुपयांचा झाला. दरम्यान देशातील किमती व सरकारचे उत्पन्नही वाढले, म्हणून तो डोईजड झाला असे नव्हे. परंतु ‘बिनव्याजी’ हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नये, एवढे खरे. (भारत स्वतः २०१४ साली या संघाच्या ऋणकोंच्या वर्गातून बाहेर पडला.)

दुसरा प्रकार ‘बांधील’ कर्जाचा. धनको राष्ट्र म्हणते, पैसे घ्या, पण यंत्रे आमच्याच कारखान्यातून घ्या. चीनच्या निर्यात-आयात बँकेने १९९५ पासून दिलेल्या सवलतीच्या कर्जांत व्याज सामान्यतः २ टक्के असून निम्म्याहून कमी नाही इतकी खरेदी चीनमधून करावी लागे. भारतही आता धनको आहे: आपल्या निर्यात-आयात बँकेमार्फत आफ्रिकेतील व इतर देशांस जी कर्जे दिली जातात, त्यांत साधारणतः ७५ टक्के माल व सेवा भारतातून घेण्याची अट असते. तेव्हा हा दोष केवळ परक्यांचा आहे असे म्हणण्याची सोय आपणास उरली नाही.

बांधील कर्जाची खरी परीक्षा मालाच्या भावात होते. समजा, खुल्या बाजारात १०० लाखांस मिळणारी यंत्रे आहेत. कर्ज २ टक्क्यांचे, मुदत २० वर्षे, पैकी पहिली ५ वर्षे हप्ता नाही. कर्जदाराला बाजारात ७ टक्क्यांनी पैसा मिळत असेल, तर या कर्जाची आजची किंमत ६० लाखांच्या आत येते. म्हणजे ४० लाखांचा लाभ. पण विक्रेता एकच असल्यामुळे त्याने भाव १२५ लाख लावला, तर देणे ७४ लाखांचे होऊन लाभ २६ लाखांवर उतरतो. भाव १६८ लाखांपर्यंत गेला की लाभ संपला! आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बांधील साहाय्यामुळे किंमत १५ ते ३० टक्क्यांनी वाढते असे आढळले. त्याच सुमारास त्या संघटनेच्या सदस्यांनी असा नियम केला की, बांधील कर्जात सवलतीचा अंश किमान ३५ टक्के, व अत्यंत मागास देशांसाठी ५० टक्के असावा. साहाय्याच्या नावाखाली निव्वळ विक्री होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

आणखी एक बाब कागदावर दिसत नाही. कर्ज यंत्रासाठी मिळते. पुढे लागणारे सुटे भाग मात्र बहुधा रोख परकीय चलनाने आणावे लागतात. एका तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रोलरच्या चाकांमधून बाभळीचे रोप वर आलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे; विचारता कळले, एक लहानसा भाग मिळेना. देशांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जागतिक बँकेच्या १९८८ च्या अहवालाप्रमाणे ८५ देशांत दोन दशकांत ४५ अब्ज डॉलरचे रस्ते नादुरुस्तीमुळे वाया गेले. वेळेवर देखभाल केली असती तर १२ अब्जांहून कमी खर्चात ते वाचले असते. नव्या रस्त्यास कर्ज मिळते, खड्डे बुजविण्यास मिळत नाही, आणि म्हणून खड्डे तसेच राहतात.

केनियाने १९७४ साली सुरू केलेल्या ग्रामीण रस्त्यांच्या योजनेत जड यंत्रांऐवजी मुख्यतः मनुष्यबळ वापरले. जेथे मजुरी स्वस्त व काम मातीचे, तेथे हा मार्ग शक्य असतो. डांबरी महामार्गाचे काम मात्र ग्रेडर व रोलर यांवाचून नीट होत नाही. तेव्हा कोणत्या रस्त्यास कोणते यंत्र, हे आधी ठरवून मग कर्जाकडे वळावयाचे. कित्येक ठिकाणी मात्र कर्ज मिळते म्हणून यंत्र घेतले जाते, आणि त्यानंतर त्याच्यासाठी रस्ता शोधला जातो.