खेळातून संगणकीय विचार : मिश्र वास्तवाचे शैक्षणिक उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 नुसार इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर प्रोग्रॅमिंगशी संबंधित उपक्रम अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात 2023-24 च्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार देशातील सुमारे 57 टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते. याउलट 'असर 2024' अहवालात ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातील सुमारे 90 टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचे सांगितले. घरातील याच साधनावर प्रोग्रॅमिंगचा पाया घालता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

संकल्पनेचा विकास

मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची 'लोगो' ही भाषा 1967 मध्ये अमेरिकेत तयार झाली. सेमूर पॅपर्ट हे तिच्या निर्मात्यांपैकी एक होत. मुलाने आज्ञा द्यावी, 'कासवा'ने त्याप्रमाणे रेषा काढावी आणि चूक मुलाच्याच डोळ्यांसमोर यावी, ही पद्धत पुढे तिची ओळख बनली. 2007 मध्ये खुल्या झालेल्या 'स्क्रॅच'मध्ये टंकलेखनाऐवजी आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडावे लागतात. 'मिश्र वास्तव' ही संज्ञा 1994 मध्ये मिलग्रॅम आणि किशिनो यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाली. प्रत्यक्ष जग व संगणकनिर्मित दृश्य एकाच वेळी, एकमेकांत मिसळून दिसणे, असा तिचा अर्थ आहे.

खेळाची कार्यपद्धती

अशा खेळात 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' यांसारख्या आज्ञांची कागदी कार्डे मुले टेबलावर क्रमाने मांडतात. मोबाईलचा कॅमेरा कार्डांवरील खुणा ओळखतो आणि पडद्यावर त्याच टेबलावर एक आभासी पात्र चालू लागते. पात्राला चौकोनी वाटेने फिरवायचे असल्यास 'पुढे जा' व 'उजवीकडे वळ' ही जोडी चार वेळा, म्हणजे आठ कार्डे मांडावी लागतात. 'चार वेळा करा' हे कार्ड मिळाले की तीनच कार्डे पुरतात. क्रम आणि पुनरावृत्ती या संकल्पना मूल येथे हाताने शिकते. पात्र भिंतीवर आदळल्यास कोणते कार्ड चुकले, हे शोधणे म्हणजेच दोषशोधन होय.

खमरियाचा संदर्भ

असा खेळ घडविण्यासाठी संगणकतज्ज्ञ, अभिकल्पक आणि शिक्षक यांचे सहकार्य आवश्यक असते. यांपैकी पहिल्या दोन शाखा जबलपूर येथील पंडित द्वारका प्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्मिती संस्थेत एकत्र शिकविल्या जातात. डुमना विमानतळ मार्गावरील या संस्थेचा टपाल पत्ता खमरिया हा आहे. 2005 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 2014 च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. खमरियाची जुनी ओळख मात्र 1942 च्या आयुध निर्माणीची आहे. उद्योगनगरीच्या परिसरातील अशा संस्था आणि आसपासच्या शाळा यांची सांगड घालता आल्यास संशोधन वर्गापर्यंत पोहोचू शकते.

मर्यादा व उपाय

घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. 'असर 2024' नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे 36 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. खेळ केवळ गृहपाठ म्हणून दिल्यास ही दरी रुंदावण्याची शक्यता आहे. याशिवाय अपुरा प्रकाश, साधे कॅमेरे आणि मातृभाषेतील आज्ञांचा अभाव या अडचणी आहेतच.

तथापि, कार्डे कागदी असल्याने एका गटाला एकच फोन पुरतो. चौघांनी कार्डे मांडावीत, फोन धरणारा हात दर फेरीला बदलावा आणि मुलींची पाळी शिक्षकाने कटाक्षाने पाळावी, अशी रचना वर्गात शक्य आहे. एसीएम इंडियाच्या 'सीएसपाठशाला' या 2016 पासूनच्या उपक्रमाने संगणकाविनाही संगणकीय विचार शिकविता येतो, यावर भर दिला आहे. त्यामुळे आधी कार्डांवर विचार आणि नंतर फोनवर पडताळणी, हा क्रम साधनांची कमतरता असलेल्या शाळांना अधिक उपयुक्त ठरेल.