संगणकावरील श्रवणसूची : ग्वाल्हेर गायकीच्या निमित्ताने एक पाठ

युनेस्कोने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्वाल्हेर शहराचा समावेश सर्जनशील शहरांच्या जागतिक मालिकेत 'संगीताचे शहर' म्हणून केला. तानसेनाची समाधी ज्या शहरात आहे आणि जेथे दरवर्षी तानसेन समारोह भरतो, त्या शहरास हा मान मिळणे स्वाभाविकच होय. महाराष्ट्रातील वाचकांस या घटनेचे विशेष अगत्य वाटावे, असे आणखी एक कारण आहे. आज महाराष्ट्रात जी ख्यालगायकी गावोगाव शिकविली जाते, तिचा मोठा प्रवाह ग्वाल्हेरहूनच इकडे आला.

या गायकीची असंख्य ध्वनिमुद्रणे आता संगणकावर उपलब्ध आहेत. अनेक शाळांतून, ग्रामपंचायतींच्या वाचनालयांतून व संगीतप्रेमी कुटुंबांतून अशा ध्वनिफाइलींचा संग्रह झालेला आढळतो. परंतु संग्रह असणे आणि तो ऐकण्याजोगा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजार फाइली एकत्र पडल्या असता हवे ते गाणे सापडत नाही. सापडले तरी ते कोणाचे आहे, याची खात्री पटत नाही. यावर उपाय म्हणजे श्रवणसूची, अर्थात 'प्लेलिस्ट'. ती कशी तयार करावी व तयार करताना कोणती दक्षता घ्यावी, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

श्रवणसूची म्हणजे काय?

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. श्रवणसूचीत गाणे नसते. गाण्याचा पत्ता असतो. ग्रंथालयातील ग्रंथसूचीत जसे ग्रंथ नसून त्यांची नावे व कपाटांचे क्रमांक असतात, तसाच हा प्रकार होय. कोणती ध्वनिफाईल कोठे ठेवली आहे आणि कोणत्या क्रमाने वाजवावयाची आहे, एवढेच सूचीत नोंदलेले असते.

यातून दोन परिणाम संभवतात. पहिला लाभाचा आहे. एकच ध्वनिमुद्रण कितीही सूचींत घालता येते आणि त्यासाठी त्याच्या प्रती काढाव्या लागत नाहीत. यमन रागातील एखादा ख्याल 'सायंकाळचे राग' या सूचीतही असू शकेल आणि 'ख्याल व तराणा' या सूचीतही. दुसरा परिणाम सावध करणारा आहे. केवळ सूचीची फाईल पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावी नेली, तर तेथे काहीही वाजणार नाही. सूचीबरोबर ध्वनिफाइलीही नेल्या पाहिजेत.

जागेचा हिशेबही यावरून समजतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचा ध्वनी एका मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापतो. तोच ध्वनी एमपीथ्री पद्धतीने, १२८ किलोबिट प्रतिसेकंद या दराने साठविल्यास मिनिटास सुमारे १ मेगाबाइट पुरतो. म्हणजे १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर २५० तासांहून अधिक संगीत मावते. शंभर गाण्यांची सूची मात्र काही किलोबाइटांतच आटोपते. तेव्हा सूची कितीही केल्या तरी जागेची चिंता नको.

आधी नावे, मग सूची

सूची करण्यापूर्वी फाइलींची नावे शुद्ध करणे अगत्याचे आहे. 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' अशा नावांच्या फाइलींची कितीही सुंदर सूची केली तरी ती निरुपयोगी ठरते. त्याहून घातक गोष्ट म्हणजे अपुरे नाव. ग्वाल्हेर परंपरेतील दोन उदाहरणे घेऊ.

लाहोर येथे ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आणि त्यांचे पुत्र पं. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर (१९२१–१९५५) यांची इंग्रजी आद्याक्षरे अनुक्रमे 'व्ही. डी.' आणि 'डी. व्ही.' अशी होतात. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की पुत्राचे गाणे पित्याच्या नावावर जाते. पिता निवर्तले तेव्हा पुत्र अवघे दहा वर्षांचे होते. आज सर्वत्र ऐकली जाणारी खयालाची व भजनांची ध्वनिमुद्रणे या पुत्राची आहेत. सूचीतील एका चुकीने विद्यार्थ्याच्या मनात एका पिढीचे अंतर नाहीसे होते.

दुसरे उदाहरण 'कृष्णराव' या नावाचे. ग्वाल्हेरचे पं. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) हे त्या घराण्याचे थोर प्रतिनिधी. भास्करबुवा बखले यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे मराठी रंगभूमीस व चित्रपटास ललामभूत झालेले गायक व संगीतकार. दोघांच्या गायनाची जात निराळी. फाइलीवर नुसते 'कृष्णराव' असे लिहिलेले असल्यास संगणक दोघांस एकाच रांगेत बसवितो. संगणकास गाणे कळत नाही. त्याला केवळ अक्षरे कळतात.

म्हणून फाइलीचे नाव पुढील क्रमाने लिहावे : रागाचे नाव, गायनप्रकार, गायकाचे पूर्ण नाव, ध्वनिमुद्रणाचे वर्ष. वर्ष ठाऊक नसल्यास 'वर्ष अज्ञात' असे लिहावे, अंदाज ठोकून देऊ नये. एकच नाव सर्वत्र एकाच तऱ्हेने लिहावे. कोठे 'पलुस्कर' व कोठे 'पलुसकर' असे लिहिल्यास शोध घेताना निम्म्या फाइली नजरेआड राहतात. तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारकाचिन्ह व दोन टिंबांचा अपूर्णविराम ही चिन्हे विंडोज प्रणालीत फाइलीच्या नावात चालत नाहीत, हेही लक्षात असावे.

अनेकजण फाइलीच्या नावाच्या आरंभी क्रमांक घालतात. एकच गाणे एका सूचीत तिसरे व दुसऱ्या सूचीत नववे असू शकते. तेव्हा क्रम नावात न घालता सूचीत राखावा, हे बरे. सूची न ओळखणाऱ्या जुन्या वादनयंत्रासाठी मात्र वेगळी प्रत काढून तीत क्रमांक घालावेत व ते ०१, ०२ असे दोन अंकी लिहावेत. अन्यथा पुष्कळ यंत्रे १ नंतर १० वाजवितात व २ ची पाळी मागाहून येते.

सूची तयार करण्याची रीत

व्हीएलसी हा विनामूल्य कार्यक्रम विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतो. त्याद्वारे सूची करण्याची रीत अशी :

१. सर्व ध्वनिफाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. सूचीही त्याच फोल्डरमध्ये ठेवावयाची आहे.

२. व्हीएलसी उघडून 'व्ह्यू' या यादीतून 'प्लेलिस्ट' निवडावे. रिकामी चौकट दिसेल.

३. फोल्डरमधील हव्या त्या फाइली माउसने ओढून या चौकटीत सोडाव्यात आणि वर-खाली सरकवून क्रम लावावा.

४. 'मीडिया' या यादीतून 'सेव्ह प्लेलिस्ट टू फाईल' हा पर्याय घ्यावा. प्रकार म्हणून 'एम-थ्री-यू-एट' निवडावा व सूचीस अर्थपूर्ण नाव द्यावे.

येथे 'एट'चे महत्त्व सांगणे अवश्य आहे. 'एम-थ्री-यू' या जुन्या प्रकारात देवनागरी अक्षरे बिघडण्याचा संभव असतो. 'एम-थ्री-यू-एट' हा प्रकार युनिकोडची यूटीएफ-८ ही लेखनपद्धती वापरतो. त्यामुळे मराठी नावे जशीच्या तशी राहतात.

अशी सूची म्हणजे वास्तविक साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये ती उघडून वाचता येते, इतकेच नव्हे तर हाताने लिहिताही येते. प्रत्येक ओळीवर एका फाइलीचे नाव, शेवटच्या प्रकारदर्शक अक्षरांसह, लिहावयाचे व यूटीएफ-८ पद्धतीने साठवावयाचे, एवढेच काम असते. सूची उघडून पाहिल्यावर नावापूर्वी संगणकातील डिस्कचा व फोल्डरांचा लांबलचक पत्ता दिसल्यास तो काढून टाकावा व केवळ फाइलीचे नाव ठेवावे. पूर्ण पत्ता लिहिलेली सूची त्याच संगणकावर चालते. केवळ नाव असलेली सूची फोल्डरसह कोठेही नेता येते.

या साध्या मजकुराचा शिक्षकांस आणखी एक उपयोग आहे. ज्या ओळीच्या आरंभी हॅश हे चिन्ह असते, ती ओळ वादनयंत्र गाणे म्हणून वाजवीत नाही. त्या ओळीत टिपण लिहिता येते : ही तबकडी कोणाच्या संग्रहातून मिळाली, तिचा क्रमांक काय, विद्यार्थ्यांचे लक्ष कशाकडे वेधावे, इत्यादी. अशा रीतीने सूची हीच पाठाची टाचणवही बनते.

कोणत्या क्रमाने ऐकावे?

यंत्राचे काम येथे संपते आणि सूची करणाऱ्याचे विवेकाचे काम सुरू होते. ग्वाल्हेर गायकीपुरता विचार करता तीन प्रकारच्या सूची उपयुक्त ठरतील.

पहिली, परंपरेच्या क्रमाची. हद्दूखाँ व हस्सूखाँ हे एकोणिसाव्या शतकातील गायक. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रणाची कला अस्तित्वात नव्हती. म्हणून त्यांचे गाणे केवळ शिष्यांच्या कंठातून टिकले. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरास राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले व त्यांनी ती विद्या महाराष्ट्रात आणली. मिरजेस त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर शिकले. विष्णु दिगंबरांच्या शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास व ओंकारनाथ ठाकूर यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. या शाखेशेजारी प्रत्यक्ष ग्वाल्हेरात राहिलेल्या कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे ठेवावे. एका मुळाच्या दोन शाखांत काय समान राहिले व काय बदलले, हे श्रोत्यास स्वतःच्या कानांनी पडताळता येईल.

दुसरी, गायनप्रकारांची. ख्यालाबरोबरच टप्पा, तराणा व भजन हे प्रकार या घराण्याने आवडीने जोपासले. तराण्यासाठी विनायकबुवा पटवर्धन, टप्प्यासाठी मालिनी राजूरकर (१९४१–२०२३), भजनासाठी दत्तात्रेय विष्णु पलुस्कर अशी योजना केल्यास नवख्या श्रोत्यासही प्रकारभेद चटकन उमगतो.

तिसरी, समयाची. प्रातःकाळी भैरव व तोडी, मध्यान्ही सारंग, सायंकाळी यमन, रात्री बागेश्री व मालकंस अशी परंपरा आहे. शाळेच्या सकाळच्या परिपाठासाठी व वाचनालयातील रात्रीच्या श्रवणासाठी वेगवेगळ्या सूची कराव्यात.

वेळेचाही हिशेब ठेवावा. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असते. शाळेची तासिका ३५ मिनिटांची धरल्यास अशा सहा बाजूंस १८ मिनिटे लागतील व १७ मिनिटे विवेचनास उरतील. दहा-बारा बाजू भरल्यास ऐकणे होते, समजावणे राहून जाते. वादनयंत्रातील 'शफल' हा पर्याय बंद ठेवावा. तो चालू राहिल्यास यंत्र स्वेच्छेने गाणी उचलते व योजलेला क्रम व्यर्थ होतो.

कायदा व जतन

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यासमोर ध्वनिमुद्रण वाजविण्यास कायद्याने मुभा दिलेली आहे. परंतु संग्रहाच्या प्रती काढून वाटणे अथवा विकणे ही निराळी बाब असून तीसाठी हक्कधारकाची अनुमती आवश्यक असते.

जुन्या तबकडीचे किंवा कॅसेटचे प्रथमच संगणकीकरण होत असेल, तर मूळ प्रत वेव्ह अथवा फ्लॅक या पूर्ण दर्जाच्या प्रकारात ठेवावी व नित्य ऐकण्यासाठी तीवरून एमपीथ्री प्रत करावी. एमपीथ्री करताना ध्वनीचा जो अंश गाळला जातो, तो पुन्हा मिळविता येत नाही. संपूर्ण फोल्डरच्या, सूचींसह, किमान दोन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक वेगळ्या इमारतीत ठेवावी.

गावातील एखाद्या वृद्ध श्रोत्यास जुन्या तबकडीवरील गायकाचा आवाज ओळखता येतो, मैफलीचे वर्ष सांगता येते. ही माहिती बहुधा कोठेही लिहिलेली नसते आणि ती सांगणारी माणसे फार काळ आपल्यात राहणार नाहीत. ज्या शाळांजवळ व वाचनालयांजवळ संग्रह आहे, त्यांनी अशा जाणकारांस बोलावून फाइली एकेक करून ऐकवाव्यात, नावे तपासून घ्यावीत व मिळालेली माहिती सूचीतच टिपून ठेवावी. विद्यार्थ्यांच्या हाताने हे काम करून घेतल्यास त्यांस संगणकाचे शिक्षण मिळेल आणि कोणाचे गाणे आपण ऐकत आहोत, हेही कळेल.