वीस चिठ्ठ्यांचा धडा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील विवेकशील माणूस सर्व पर्याय जाणतो, प्रत्येकाचे फलित मोजतो व सर्वोत्तम तोच निवडतो. कोहमारा परिसरातील धान उत्पादक शेतकऱ्याला मात्र हे साधत नाही. आजचा भाव त्याच्यासमोर असतो; उद्याचा ठाऊक नसतो आणि थांबण्यालाही खर्च येतो.

माणसाच्या या मर्यादेचा शास्त्रीय विचार हर्बर्ट सायमन यांनी केला. १९३५ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रीडांगणांच्या खर्चाची वाटणी कशी ठरते, याचा त्यांनी अभ्यास केला. प्रशासनातील निर्णयांवरील त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला व १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. माहिती, वेळ व आकलनशक्ती मर्यादित असल्याने माणूस सर्वोत्तमाचा शोध घेत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय मिळताच थांबतो. यालाच मर्यादित विवेकशीलता म्हणतात.

हे तत्त्व पाठ करण्यापेक्षा वर्गात अनुभवणे इष्ट होय. शिक्षकांनी क्विंटलमागे १,८०० ते २,१८० रुपयांपर्यंत, २० रुपयांच्या अंतराने, वीस कल्पित भाव चिठ्ठ्यांवर लिहावेत. विद्यार्थ्याने एकेक चिठ्ठी उचलावी. पहिलीनंतरच्या प्रत्येक चिठ्ठीस २० रुपये खर्च धरावा. नाकारलेला भाव परत मिळणार नाही. पहिल्या फेरीत भावांची मर्यादा सांगू नये. दुसऱ्या फेरीत सर्व भाव फळ्यावर लिहावेत. तिसऱ्या फेरीत काही विद्यार्थ्यांना 'कर्जाचा हप्ता आहे, तिसऱ्या चिठ्ठीपर्यंत विका' अशी अट घालावी.

त्यानंतर हिशेब मांडावा. सर्वोच्च भावाच्या आशेने विसाव्या चिठ्ठीपर्यंत गेलेल्याचा खर्च ३८० रुपये होतो. अखेर २,१८० चा भाव लाभला, तरी पदरी १,८०० रुपयेच पडतात. पहिल्याच चिठ्ठीत सर्वांत कमी भाव स्वीकारणाऱ्यासही तेवढेच मिळतात! मग शहाणा कोण? मध्येच थांबलेला विद्यार्थी अडाणी नव्हता, हे वर्गाला आपोआप उमगते.

हा धडा केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. शेतकऱ्याचा निर्णय चुकला असे म्हणण्यापूर्वी, त्या क्षणी त्याच्यापुढे किती माहिती, किती वेळ व किती निकड होती, हे अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी पाहावे. हमीभाव, खरेदी केंद्र सुरू होण्याची तारीख व आवश्यक कागदपत्रे ग्रामपंचायतीच्या फलकावर कापणीपूर्वीच लागली, तर प्रत्येक चिठ्ठीचा खर्च कमी होतो. उपदेशापेक्षा वेळेवर मिळालेली माहिती अधिक उपकारक ठरते.