नाईल नदी आणि तिचा देश

विद्यार्थिमित्रांनो, आफ्रिका खंडाचा नकाशा उघडून त्याच्या ईशान्य कोपऱ्याकडे पाहा. तेथें इजिप्त, म्हणजेच मिसर, हा देश आढळेल. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे. परंतु त्यांतील बहुतेक भाग ओसाड वाळवंट असून, १० कोटींहून अधिक लोकांपैकीं शेंकडा सुमारें ९५ लोक नाईलच्या कांठच्या चिंचोळ्या पट्ट्यांत व मुखाजवळील त्रिभुज प्रदेशांत राहतात. एवढ्या मोठ्या देशाचा प्राण एका नदींत कसा सांठला आहे, हें आपण पाहूं.

प्राचीन मिसरी लोक नदीकांठच्या गाळाच्या जमिनीस 'काळी भूमि' व वाळवंटास 'तांबडी भूमि' म्हणत. आपला कुणबीही शेतजमिनीस 'काळी' म्हणतो, तेव्हां हें नांव आपणांस परकें वाटणार नाहीं. शिवाय साम्य केवळ नांवाचेंच नाहीं. दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणापासून झाली. नाईलचा गाळही बव्हंशीं इथिओपियाच्या तशाच पाषाणाच्या पठारावरून वाहून येत असे.

देशाची रचना.— नदीच्या पश्चिमेस देशाचा सुमारें दोनतृतीयांश भाग व्यापणारें वाळवंट आहे. त्यांतील कत्तारा नांवाचा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीच्या १३३ मीटरपर्यंत खालीं आहे. जेथें जमिनींतील पाणी वर येतें, तेथें सिवा, खार्गा यांसारखीं हिरवीं मरुवनें असून त्यांत खजुरीच्या बागा आहेत. नदीच्या पूर्वेस तांबड्या समुद्रापर्यंत उघडे, खडकाळ डोंगर पसरले आहेत.

हवामान.— समुद्रकांठच्या अलेक्झांड्रिया शहरीं वर्षास सुमारें २०० मिलिमीटर पाऊस पडतो. कैरो येथें तो सुमारें २५ मिलिमीटर असतो आणि अस्वान येथें तर जवळजवळ पडतच नाहीं. मुंबईस पावसाळ्यांतील एकाच दिवशीं कैरोच्या वर्षभराहून अधिक पाऊस पडून जातो! वसंत ऋतूंत 'खमसीन' नांवाचा उष्ण वारा धुळीचे लोट घेऊन येतो. खमसीन म्हणजे अरबी भाषेंत पन्नास. हा वारा पन्नास दिवसांच्या काळांत मधून मधून वाहतो, अशी समजूत आहे. एरवीं बहुधा उत्तरेचा वारा असतो. नदी वाहते उत्तरेकडे, वारा वाहतो दक्षिणेकडे. त्यामुळें शीड उभारून वर जावें व प्रवाहाबरोबर परत यावें, अशी नावाड्यांची सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे.

प्राणी.— वाळवंटांतील फेनेक नांवाच्या लहानशा कोल्ह्याचे कान फार मोठे असतात. त्यांच्या द्वारें अंगांतील उष्णता बाहेर पडते. जर्बोआ हा उड्या मारणारा उंदीर दिवसां बिळांत राहतो व अन्नांतील ओलाव्यावरच तहान भागवितो. डोळ्यांवर शिंगांसारखे कांटे असलेला एक विषारी साप अंग वाळूंत पुरून भक्ष्याची वाट पाहतो. नदीकांठीं शेतांतून गायबगळे हिंडतात. पाणघोडा मात्र एकोणिसाव्या शतकांत या देशांतून नाहींसा झाला. पूर्वीं पवित्र मानलेला शराटी पक्षीही त्याच शतकांत गेला. मगरी आतां मुख्यत्वें नासर सरोवरांत आढळतात.

पूर आणि धरण.— अतबरा नदी मिळाल्यानंतर समुद्रापर्यंत अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतरांत नाईलला एकही उपनदी मिळत नाहीं. मग पाणी येतें कोठून? आपल्याकडे शेतकरी भाताची लावणी करीत असतो, त्याच महिन्यांत इथिओपियाच्या पठारावर पाऊस कोसळतो. इजिप्तांत पोंचणाऱ्या पाण्याचा चारपंचमांशाहून अधिक भाग तेथलाच होय. त्या पावसाचा पूर येऊन ओसरला, कीं मागें राहिलेल्या गाळांत लोक बीं पेरीत. पूर कमी आला तर दुष्काळ, फार आला तर गांवें बुडत; म्हणून कैरोजवळील रोडा बेटावर ८६१ सालीं पाणी मोजण्याचा खुणांचा स्तंभ उभारला गेला. सरकारचा साराही पुराच्या मानानें ठरे.

१९६० ते १९७० या काळांत अस्वानचें उंच धरण बांधलें गेलें आणि हा पूर कायमचा थांबला. शेतांस बारमाही पाणी मिळूं लागलें, वीज मिळाली, आणि १९८४ सालीं इथिओपियांत भीषण दुष्काळ पडला असतांही सरोवरांतील सांठ्यावर इजिप्त तरला. पण या लाभाचें मोल द्यावें लागलें. इजिप्त व सुदान मिळून एक लाखाच्या आसपास न्युबियन लोकांचीं घरें पाण्याखालीं गेलीं. गाळ धरणांत अडकूं लागला. त्यामुळें शेतकऱ्यास खत विकत घ्यावें लागतें, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊं लागला आहे.

पुढें २०११ सालीं इथिओपियानें निळ्या नाईलवर आपलें मोठें धरण बांधण्यास आरंभ केला. २०२५ सालीं त्याचें उद्घाटन झालें. ज्यांच्या घरीं दिवा नाहीं, त्यांना वीज हवी. ज्यांच्या देशीं पाऊस नाहीं, त्यांना पाणी हवें. दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं, आणि म्हणूनच हा वाद कठीण आहे.

मित्रांनो, नदी देशांच्या सीमा जाणत नाहीं. वरच्या गांवानें पाणी अडविलें, तर खालच्या गांवाचें काय होतें, हें आपणही आपल्या ओढ्यांवर पाहतों. नाईलचा धडा एवढाच, कीं पाणी वाटून घेण्याची विद्या ही धरण बांधण्याच्या विद्येहून अवघड आहे, आणि ती शिकल्यावांचून कोणत्याही देशाची 'काळी' हिरवी राहणार नाहीं.