हृदय कमजोर झाले म्हणून खाट धरायची का?

डॉक्टरांच्या तोंडून 'हार्ट फेल्युअर' हा शब्द ऐकला की घरातल्या माणसांचा धीर सुटतो. हार्ट फेल झाले म्हणजे माणूस संपला, असा अर्थ आपल्याकडे घेतला जातो. तो चुकीचा आहे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी झाली, एवढाच त्याचा अर्थ. जुना हार्ट अटॅक, वर्षानुवर्षे न तपासलेले ब्लडप्रेशर, लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने खराब झालेली झडप, दारू ही त्याची नेहमीची कारणे आहेत. एकोच्या रिपोर्टात 'ई.एफ.' असा एक आकडा असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, ते त्यातून कळते. तो साधारण ५५ च्या वर असावा. ४० किंवा त्याहून कमी असेल तर हृदयाचा पंप कमजोर झाला असे डॉक्टर सांगतात. काही रुग्णांत मात्र हा आकडा चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकते.

हा आजार फक्त म्हातारपणाचा आहे असेही नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली या आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य देशांतले रुग्ण यापेक्षा बरेच वयस्क असतात. म्हणजे आपल्याकडे हा आजार घरातल्या कमावत्या हातांनाही गाठतो.

'तू पडान ऱ्हव'

रुग्ण घरी आला की घरचे मायेने सांगतात, 'तू पडान ऱ्हव, काय एक करू नको.' त्यात प्रेम असते, पण नुकसानही होते. पूर्वी डॉक्टरही हाच सल्ला देत. आता तो बदलला आहे. झोपून राहिले की मांड्या-पोटऱ्या आटतात. मग पाणंदीची चार पावले चढतानाही धाप लागते. धाप लागते म्हणून माणूस आणखी कमी चालतो आणि आणखी खचतो.

पायांसारखेच श्वासाचे स्नायूही कमजोर होतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक मोठा पडद्यासारखा स्नायू असतो. श्वास आत घेण्याचे मुख्य काम त्याचे. हा पडदा थकला की शरीर पायांकडे जाणारे रक्त आखडते आणि श्वासाच्या स्नायूंकडे वळवते. बागेत पाटाचे पाणी एका वाफ्याकडे वळवले की दुसरा वाफा सुका राहतो, तसे हे होते. म्हणून कित्येक रुग्ण सांगतात की दम लागण्याच्या आधीच पाय गळून जातात.

व्यायामाने काय साधते?

२००९ साली अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २३३१ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना बेताचा व्यायाम सुरक्षित असतो आणि त्याने त्यांचे रोजचे जगणे काहीसे सुधारते, असे त्यात दिसले. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामावर ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी बरेच काम केले आहे. तिथे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वासाचे स्नायू कमजोर असलेल्या ३२ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे रोज अर्धा तास हा व्यायाम दिला होता. त्यांची श्वासाची ताकद आणि सहा मिनिटांत चालण्याचे अंतर, दोन्ही वाढले. चालण्याच्या व्यायामाला याची जोड दिली तर नुसत्या चालण्यापेक्षा जास्त फायदा होतो, असे पुढच्या एका लहान अभ्यासात आढळले. हे अभ्यास छोटे आहेत. त्यामुळे या व्यायामाने आयुष्य वाढते असा दावा आम्ही करणार नाही. पण धाप कमी होऊन माणूस आपल्या पायाने विहिरीपर्यंत जाऊ लागला, तर तेही कमी नाही.

श्वासाचा व्यायाम कसा असतो?

यासाठी हातात मावणारे एक छोटे यंत्र मिळते. त्यात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोर लावून श्वास आत ओढला तरच ती उघडते. आधी फिजिओथेरपिस्ट रुग्णाची जास्तीत जास्त ओढण्याची ताकद मोजतात आणि यंत्र साधारण तिच्या ३० टक्क्यांवर लावतात. पाठ ताठ ठेवून बसायचे, नाकाला चिमटा लावायचा, तोंडाने श्वास ओढायचा आणि सावकाश सोडायचा. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जायचे. चक्कर आली की थांबायचे.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ऑपरेशननंतर मिळणारे तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र वेगळे. त्याने खोल श्वास घेता येतो, पण स्नायूंवर नेमका भार पडत नाही. दोन, आपण विहारात करतो ते आनापान वेगळे. त्यात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, त्याला जोर लावायचा नसतो. आनापानाने मन शांत होते, ते जरूर करा, पण त्याने हा व्यायाम भरून निघत नाही. तीन, एकाचे यंत्र दुसऱ्याने तोंडाला लावू नये. टीबीसारखा रोग त्यातून घरात शिरू शकतो.

यंत्र नसले तरी अडत नाही. चालणे हाच पहिला आणि बिनपैशाचा व्यायाम आहे.

चालायचे कसे?

१. आधी डॉक्टरांना विचारा. झडप फार अरुंद असेल किंवा ठोके अनियमित पडत असतील तर परवानगीशिवाय सुरू करू नका.

२. पहिल्या आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी पाच-पाच मिनिटे, सपाट जागेवर. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटे वाढवा. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला अर्धा तास इथपर्यंत पोहोचायचे आहे.

३. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटे अगदी सावकाश चाला. एकदम थांबू नका.

४. चालताना बोलता आले पाहिजे. एक वाक्य पुरे करताना दम तुटत असेल तर वेग कमी करा. काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून नाडीपेक्षा ही खूण भरवशाची आहे.

५. सुक्या पुळणीत पाय रुततात आणि हृदयावर ताण येतो. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चाला. घाटी सुरुवातीला टाळा. पावसाळ्यात पडवीत किंवा विहाराच्या सभागृहात फेऱ्या मारा. भर उन्हात आणि जेवल्यावर लगेच चालू नका. सुरुवातीचे काही दिवस सोबत कोणीतरी असू द्या.

कधी थांबायचे?

बसल्या जागी धाप लागणे, उशीला टेकताच गुदमरणे, पायांची सूज वाढणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, ताप येणे, यांपैकी काही दिसले तर व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा बसल्या जागची धाप थांबेना, तर १०८ ला फोन करा. वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी करा आणि वहीत लिहा.

व्यायाम सुरू झाला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. मिठाचेही तसेच. पेजेबरोबर खारा बांगडा, सुकी सुंगटे, पापड, लोणचे हे आपले रोजचे खाणे. पण या खाऱ्या पदार्थांतले मीठ अंगात पाणी धरून ठेवते. ताजी मासळी कमी मिठात, कोकम घालून खा. खाऱ्या मासळीला मात्र रुग्णाच्या ताटात जागा नको.

वस्तीने काय करावे?

मालवणच्या किनाऱ्यावरून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून एकदा गेलात की एको, औषधे आणि फिजिओथेरपी यांची चौकशी त्याच फेरीत करा. शस्त्रक्रिया सांगितली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ब्लडप्रेशर जवळच्या उपकेंद्रात तपासता येते. प्रत्येक विहारात वर्गणी काढून एक वजनकाटा ठेवता येईल. वस्तीतल्या तरुण मुला-मुलींनी आठवडा वाटून घेऊन रुग्णांना सोबत चालवले, तर मुंबईला कामाला गेलेल्या मुलांच्या मागे घरी एकट्या राहिलेल्या आईवडिलांनाही आधार मिळेल. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय बैठकीत घ्या, एवढेच आमचे सांगणे आहे.