हात हवा तर हातच तोडायचा

भाचेबुवा,

गेम डाउनलोडला लावलाय म्हणालास ना, तो उतरेपर्यंत चार गोष्टी ऐकून घे. एकदा का कंट्रोलर हातात आला की तू माझंच काय, तुझ्या आईचंही ऐकणार नाहीस.

‘द सर्ज’ निवडलास हे बरं केलंस. २०१७च्या मे महिन्यात आलेला हा गेम, फ्रँकफुर्टच्या डेक१३ स्टुडिओचा. या मंडळींचा हात आधी ‘लॉर्ड्स ऑफ द फॉलन’मध्ये होता, तो २०१४चा, ढाल-तलवारींचा. दोन्हींची जातकुळी एकच. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने ‘डीमन्स सोल्स’ आणि ‘डार्क सोल्स’ काढून जी वाट पाडली, त्याच वाटेवरचे हे प्रवासी. फरक असा की इथे किल्ले नाहीत, राक्षस नाहीत. कारखाना आहे, वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत आणि डोकं फिरलेले कामगार आहेत. सोपं-मध्यम-कठीण असं काही निवडता येत नाही. ‘डार्क सोल्स’मध्ये अडलं की कुणाला तरी मदतीला बोलावता येतं, इथे तीही सोय नाही. तू आणि तुझा वॉरन, एवढेच.

वॉरन क्रिओ नावाच्या कंपनीत कामाला येतो. ट्रेनमधून उतरताना तो व्हीलचेअरवर आहे हे आपल्याला कळतं, आणि कंपनीत भरती व्हायची घाई त्याला का झालीय तेही. चालता यावं म्हणून तो यांत्रिक सांगाडा अंगावर चढवून घेतो. ते बसवणं पाहताना जेवत असलास तर ताट बाजूला ठेव. जाग येते तेव्हा सगळा कारखाना बिघडलेला असतो आणि ज्याच्या त्याच्या हातातलं अवजार वॉरनच्या दिशेने उगारलेलं असतं.

सुरुवातीलाच विचारतील, लिंक्स घेणार की ऱ्हायनो? लिंक्स हलका, चपळ. ऱ्हायनो जड, दणकट. यात तासभर घालवू नकोस. पुढे जे शत्रूकडून कापून आणशील तेच अंगावर चढणार आहे, हा पहिला सूट म्हणजे फक्त सुरुवात. मला विचारशील तर लिंक्स घे. नवख्याला मार झेलण्यापेक्षा चुकवणं आधी शिकावं लागतं, आणि जड चिलखतात ते शिकायचा कंटाळा येतो.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

इतर गेममध्ये शत्रूवर लॉक केलं की काम झालं, मग दणादण मारत सुटायचं. इथे लॉक केल्यावर आणखी एक निर्णय असतो: कुठे मारायचं. डोकं, धड, दोन हात, दोन पाय. उजव्या स्टिकने हा नेम बदलतो. उघडा भाग निळा दिसतो, चिलखत असलेला पिवळसर. निळ्यावर मारलंस तर घाव खोल बसतो आणि गडी लवकर पडतो. पिवळ्यावर मारलंस तर लढाई लांबते. पण शेवटी तो अवयव तोडलास की त्यावरच्या चिलखताचा नकाशा तुला मिळतो, आणि ऑप्स स्टेशनवर, म्हणजे इथल्या सुरक्षित तळावर, जाऊन तू ते स्वतःसाठी बनवून घेऊ शकतोस. नकाशा आधीच असेल तर तोच तुकडा पुढच्या दर्जाला न्यायचा माल मिळतो. शिरस्त्राण हवं तर डोकं, पायाचं चिलखत हवं तर पाय. आणि समोरच्याच्या हातातलं हत्यार आवडलं असेल तर ज्या हातात ते आहे तोच हात.

आता बघ, समोर एक कामगार उभा आहे. डावा हात उघडा, बाकी सगळं झाकलेलं. तुला त्याचं शिरस्त्राण हवंय. सोपा मार्ग डाव्या हाताचा. चार घाव आणि तो खलास. पण त्याने शिरस्त्राण मिळत नाही. म्हणून नवे खेळाडू काय करतात, तर आधी डाव्या हातावर मारत राहतात आणि शेवटच्या क्षणाला नेम डोक्यावर नेतात. उपयोग शून्य. ज्या अवयवावर पुरेसे घाव बसलेत तोच तुटतो. डोकं हवं असेल तर पहिल्या घावापासून डोकं, मग वेळ लागला तरी चालेल. आणि त्याच्याकडचं काहीच तुला नको असेल, तर उगाच शौर्य दाखवू नकोस. निळा भाग धर, संपव, पुढे चल. प्रत्येक शत्रूसमोर क्षणभर थांबून ठरवायचं की याच्याकडून माल घ्यायचाय की फक्त वाट मोकळी करायचीय. ठरलं की मध्येच विचार बदलायचा नाही. या गेममध्ये अर्धे लोक मरतात ते नेम अर्ध्यात बदलल्यामुळे, हे माझं ठाम मत आहे.

तोडण्याच्या घावाला एनर्जी लागते. ती मारल्यावर भरते आणि हात आखडला की हळूहळू उतरते. म्हणजे घाव-पळ-घाव-पळ असं लांबून खेळत बसलास तर तोडायची वेळ येईल तेव्हा पट्टी रिकामी. थोडं अंगाला भिडूनच खेळावं लागतं. तोडायची खूण स्क्रीनवर आली की बटण दाबून धर, नुसतं टिचकी मारल्यासारखं नको.

मारायचे प्रकार दोन, आडवा आणि उभा, त्यांचे जोड हाताला आपोआप बसतील. पण बचाव मुद्दाम शिकावा लागतो. ब्लॉक केल्यावर स्टॅमिना जातो आणि शत्रू दोन-तीन घावांत तो फोडतो. मागे उडी मारणं ठीक, पण मग तू लांब पडतोस आणि तो सावरतो. तिसरा मार्ग बहुतेक जण वापरतच नाहीत, आणि तोच सोन्यासारखा आहे: ब्लॉकचं बटण धरून ठेवायचं आणि उजवी स्टिक खाली दाबायची. वॉरन खाली वाकतो, डोक्याच्या उंचीचा आडवा घाव वरून जातो आणि समोरचा मोकळा सापडतो. घाव पायाशी आला तर स्टिक वर, वॉरन उडी घेतो. पहिल्याच भागात एखादा एकटा कामगार गाठ, त्याला मारू नकोस, नुसतं त्याच्यासमोर वाकायचा सराव कर. त्याचा हात कुठून येतो हे डोळ्यांना कळलं की पुढचे तासन्‌तास वाचतात.

आता भंगार. शत्रू मारले की टेक स्क्रॅप मिळतं, तेच इथलं चलन. त्यातूनच सूटची कोअर पॉवर वाढते, त्यातूनच चिलखत बनतं. मेलास की सगळं जिथे मेलास तिथेच पडतं आणि घड्याळ सुरू होतं. वेळेत पोहोचलास तर तुझं, नाहीतर गेलं. इथे घाबरून नाकासमोर धावत सुटायचं नाही. वाटेत शत्रू मारलेस की वेळ वाढते, म्हणून दोघा-तिघांना संपवत जा. नुसता धावलास तर सगळी पलटण मागे लागते आणि भंगाराशी पोहोचेपर्यंत पाठीवर तीन करवती.

ऑप्स स्टेशनवर भंगार जमा ठेवता येतं, खर्चच केलं पाहिजे असं नाही. बॉसच्या दारात जायच्या आधी सगळं जमा करून मोकळ्या हाताने जा. मेलास तरी जीव जळत नाही, आणि जीव जळत नसला की माणूस बरं खेळतो. उलट बाजूही आहे: स्टेशनवर न परतता जितकं बाहेर राहशील तितका प्रत्येक शत्रूमागे मिळणाऱ्या भंगाराचा गुणक वाढतो. हाच या गेमचा खरा मोह. खिसा जड झालाय, औषधं संपत आलीत, समोर अंधारा कॉरिडॉर आहे, आणि गुणक मस्त चढलाय. अशा वेळी परत फिर. माझं ऐक, परत फिर.

परत फिरलं की शत्रू पुन्हा उभे राहतात हे खरं, म्हणून शॉर्टकट शोधणं शत्रू मारण्याइतकंच महत्त्वाचं. इथल्या जागांची रचना पुण्यातल्या जुन्या वाड्यासारखी आहे: एका चौकातून दुसऱ्या चौकात, तिथून जिना, मग बोळ, आणि दार उघडलं की आपण पुन्हा दिंडी दरवाजाशी. कारखान्यातल्या एखाद्या लिफ्टचं किंवा आतून बंद असलेल्या दाराचं दुसरं टोक बरेचदा त्याच ऑप्स स्टेशनशी निघतं. म्हणून नव्या भागात शिरल्यावर पहिलं ध्येय बॉस नाही, शॉर्टकट. काही दारांवर आणि पॅनेलांवर आकडा दिसेल. तेवढी कोअर पॉवर झाल्याशिवाय ती उघडत नाहीत. डोकं आपटू नकोस. जागा लक्षात ठेव आणि नंतर ये, मागे बहुतेक वेळा चांगलं काहीतरी ठेवलेलं असतं.

कोपऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. कंटेनरच्या आड, वरच्या कठड्यावर, अर्ध्या उघड्या दारामागे, डेक१३वाल्यांनी माणसं लपवून ठेवायचा छंदच लावून घेतलाय. वळण्याआधी कॅमेरा फिरवून पलीकडे बघ. दोघं-तिघं एकत्र उभे असले तर ड्रोन मिळाल्यावर त्याने एकाला टोचून आपल्याकडे ओढ. एका वेळी एकच गिऱ्हाईक घ्यायचं. हेडफोन लाव, दिसण्याआधी ऐकू येतात ते.

एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. इथे लेव्हल वाढली म्हणून अंगात ताकद येत नाही. वाढते ती कोअर पॉवर, म्हणजे सूट किती वजन पेलेल एवढंच. आयुष्याची पट्टी, स्टॅमिना, औषधं, शत्रूची तब्येत दिसणं, हे सगळं सूटमध्ये बसवायच्या इम्प्लांटमधून येतं, आणि इम्प्लांटही त्याच कोअर पॉवरवर जगतात. म्हणजे भारी चिलखत चढवलंस तर औषधाला जागा उरत नाही. सुरुवातीला औषधांच्या बाजूने झुक. काही औषधांचे ठरावीक डोस असतात, ते स्टेशनवर भरतात; काही एनर्जी खाऊन चालतात. दोन्हींतलं एकेक ठेव. चिलखताचे सहाही तुकडे एकाच जातीचे झाले की त्या जातीचा खास फायदा मिळतो, त्यामुळे चार तुकडे एकाचे आणि दोन दुसऱ्याचे असा गोंधळ फार काळ चालवू नकोस.

हत्यारांच्या पाच जाती आहेत. जी वापरशील तिच्यात हात बसतो आणि घाव जड होतो. म्हणून दर अर्ध्या तासाला नवं खेळणं उचलू नकोस. जड हत्यार एका घावात शत्रूला हादरवतं, पण ते उचलेस्तोवर तुला मार बसतो. दोन्ही हातांवर चढवायची जोडी भराभर चालते, पण फार जवळ जावं लागतं. मी नवख्याला लांब दांड्याचं स्टाफ देईन. लांब पोहोचतं, आणि शिकत असताना अंतर मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पहिला बॉस पॅक्स. दोन पायांवर उभं राहिलेलं यंत्र, घराएवढं. बघूनच लोक लांब पळतात आणि लांबच मरतात. तू उलट कर. पायांच्या मध्ये, अगदी खाली राहा. पाय मारत राहा, तो पाय आपटणार असला की बाजूला हो. त्याची पट्टी भरली की तो ताठ होतो आणि क्षेपणास्त्रं सोडतो. इथे सगळ्यांची गाळण उडते आणि सगळे भिंतीकडे धावतात. धावायचं नाही. त्याच्या जवळच राहायचं. क्षेपणास्त्रं तुझ्या मागे येतात, तू त्याच्या खाली असलास तर त्याच्याच अंगावर कोसळतात आणि तो आडवा होतो. आडवा झाला की लगेच डोक्याच्या बाजूला जाऊन जेवढं मारता येईल तेवढं मार. उठायला लागला की हाव न करता बाजूला हो आणि पुन्हा पायांशी. हे दोन-तीनदा झालं की संपला. पॅक्स पाडलेल्या माणसाला गेमचं व्याकरण समजलं असं मी मानते.

‘द सर्ज २’ आधी खेळू का, असं तुझ्या मित्राने विचारलं होतं. २०१९चा तो, जेरिको नावाच्या शहरात घडतो, आणि त्यात घाव कोणत्या दिशेने येतोय ते ओळखून त्याच दिशेला अडवायचं असतं. उत्तम आहे, पहिल्यापेक्षा प्रशस्त आहे. पण ते वाकणं-उडी मारणं पहिल्यात हाताला बसलेलं असलं की दुसऱ्यात डोळा आपोआप तयार असतो. पहिलाच आधी.

घरचं सांगते. कीबोर्डवर खेळू नकोस, अवयवाचा नेम स्टिकवरच बरा जमतो. लाइट जायच्या वेळा तुझ्याकडे ठरलेल्या आहेत, त्या टाळून बॉसला हात घाल किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बघून ठेव. आणि एकाच ठिकाणी सारखा मरायला लागलास की उठ, पाणी पी, अंघोळ कर. हात तापले की घाव लवकर सुटतो, आणि हा गेम लवकर सुटलेल्या घावाला कधीच माफ करत नाही.

पॅक्सनंतर सेंट्रल प्रॉडक्शनमध्ये फायरबग नावाचा बॉस भेटेल. त्याचं मी आत्ता काही सांगत नाही, नाहीतर पॅक्सपाशीच तुझं लक्ष पुढे धावेल. पॅक्स पडला की फोन कर, पण रात्री अकराच्या आत. तुझे काका लवकर झोपतात.